स्थळ न पाहता

डिसेंबर २०२२ मधली गोष्ट. सोलापूरला बहिणीकडे चार दिवसांसाठी गेलो होतो. संध्याकाळी सहाच्या सुमारास बहिणीने घरात जाहीर केले, की आता मध्यरात्रीपर्यंत कुकरची शिट्टी होणार नाही, फोडणी पडणार नाही, दारावरची घंटा बंद केलेली आहे, आणि ज्याला खोकला येईल त्याने अंगणात जाऊन खोकावे. शेवटची सूचना माझ्याकडे बघून होती.

भाचीची मुलाखत होती. मुलाखत घेणारे अमेरिकेतल्या एका रुग्णालयात आणि देणारी आतल्या खोलीत, टेबलावरच्या लॅपटॉपपुढे. न्यूयॉर्ककडे हिवाळ्यात सकाळचे आठ वाजतात तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा झालेले असतात. त्यांच्या कामाचा दिवस म्हणजे आमची रात्र. खोलीतले कालनिर्णय भिंतीवरून उतरवले होते. खिडकीला जाड चादर लावली होती. कॅमेरा डोळ्यांच्या रेषेत यावा म्हणून लॅपटॉपखाली हॅरिसनच्या वैद्यकशास्त्राचे दोन जाडजूड खंड ठेवले होते. त्या ग्रंथाचा इतका थेट उपयोग मी तीस वर्षांच्या मास्तरकीत पाहिला नव्हता. भाचीच्या अंगात वर गडद निळा कोट आणि खाली घरातलाच पायजमा. वीज गेली तर इन्व्हर्टर, इंटरनेट गेले तर मेहुण्यांचा मोबाईल, आणि मोबाईलही गेला तर सिद्धेश्वर, अशी सगळी व्यवस्था होती.

साडेआठला गल्लीत लग्नाची वरात आली. मेहुणे चपला न घालताच धावले. बँडवाल्यांना त्यांनी काय सांगितले ते कळले नाही, पण दोन-तीन मिनिटे नुसता ढोल मंद वाजत राहिला आणि वरात पुढे सरकल्यावर पुन्हा सगळी वाद्ये सुरू झाली. आम्ही सगळे बाहेरच्या खोलीत बंद दाराकडे बघत बसलो होतो. मला एकदम चाळीस वर्षांपूर्वीची याच बहिणीची आठवण झाली. तेव्हाही असेच बाहेर बसलो होतो. आत पोह्यांच्या बशा भरल्या जात होत्या आणि पाहुणे यायचे होते.

ही तुलना मी उगाच करत नाही. अमेरिकेत एम. बी. बी. एस. नंतरचे प्रशिक्षण, ज्याला ते रेसिडेन्सी म्हणतात, मिळवण्याची पद्धत खरोखरच लग्न जुळवण्याच्या गणितासारखी आहे. उमेदवार अर्ज करतो, रुग्णालये काही जणांना मुलाखतीला बोलावतात. मुलाखती संपल्या की उमेदवार आपल्या पसंतीची यादी करतो आणि रुग्णालयही आपली यादी करते. दोन्ही याद्या संगणकात जातात आणि संगणक जोड्या लावतो. १९५२ पासून ही जुळणी चालू आहे. तिच्यामागचे गणित मांडणारा डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली यांचा १९६२ चा निबंध प्रसिद्ध आहे आणि त्याच्या शीर्षकातच महाविद्यालयीन प्रवेशाबरोबर विवाहाचे स्थैर्य हा विषय आहे. शॅप्ली आणि या जुळणीची पद्धत नव्याने बांधणारे अल्विन रॉथ यांना २०१२ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. मार्च महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात सोमवारी उमेदवाराला कळते की आपले जुळले की नाही, आणि कुठे जुळले ते कळते शुक्रवारी. मधले चार दिवस त्या घरात काय होत असेल ते वाचकांनीच ठरवावे. एकदा जुळले की दोन्ही बाजूंना ते बंधनकारक. तीन वर्षे, शस्त्रक्रियेसारख्या शाखेत पाच वर्षे, तिथेच काढायची.

परदेशी उमेदवारांसाठी ही चुरस साधी नाही. २०२५ च्या जुळणीत ४३ हजारांहून अधिक जागा होत्या. अमेरिकेतल्या एम. डी. विद्यार्थ्यांपैकी शंभरात त्र्याण्णवांना त्यातली एखादी जागा मिळाली, परदेशी नागरिक असलेल्या परदेशी पदवीधरांपैकी शंभरात ५८ जणांना. उरलेले ४२ पुढच्या वर्षाची वाट बघतात किंवा परत नीटच्या पुस्तकांकडे वळतात. म्हणून आमच्याकडची मुले शंभरेक ठिकाणी अर्ज करतात आणि पाच-सहा ठिकाणांहून बोलावणे आले तर पेढे वाटतात.

आता मुलाखतीचे. २०२० पर्यंत ही मुलाखत समक्षच व्हायची. मुंबईतल्या किंवा लातूरच्या मुलाला त्यासाठी काय करावे लागे ते ऐका. आधी वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकन वकिलातीत व्हिसासाठी मुलाखत, म्हणजे मुलाखतीला जायला मिळावे म्हणून एक मुलाखत. मग नोव्हेंबर ते जानेवारी असा मुक्काम. न्यू जर्सीत कोणी मावसभाऊ असला तर त्याच्या तळघरात, नसला तर चौघे मिळून भाड्याच्या खोलीत. तिथून आज ओहायो, परवा मिशिगन, कधी बसने, कधी स्वस्तातल्या विमानाने. एकच कोट, एकच बूट, आणि बर्फ. तिकडची मुलेसुद्धा या हिंडण्यासाठी कर्ज काढत आणि खर्च हजारो डॉलरांत जाई. माझ्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी त्यासाठी शेतीचा तुकडा गहाण टाकला होता. त्याला चार ठिकाणी बोलावणे होते आणि चारही जागा वेगवेगळ्या दिशांना. दोनच परवडल्या.

मे २०२० मध्ये करोनामुळे अमेरिकेतल्या वैद्यकीय शिक्षणसंस्थांच्या संयुक्त मंडळाने सांगितले की येत्या हंगामात सर्व मुलाखती पडद्यावर घ्याव्यात. साथ ओसरली, पण पडदा बराचसा राहिला. इंग्लंडमध्येही विशेषज्ञांच्या प्रशिक्षणासाठीच्या मुलाखती तेव्हापासून संगणकावर गेल्या. अमेरिकेत मात्र आता मोठा वाद आहे. बहुतेक वैद्यकशाखा पडद्यालाच धरून आहेत, तर काही रुग्णालये, विशेषतः शस्त्रक्रियेच्या काही शाखा, पुन्हा समक्ष बोलावू लागली आहेत. तिथल्या प्राध्यापकांचे म्हणणे असे, की माणूस समोर बसल्याशिवाय कळत नाही. पडद्यावर सगळे सारखेच दिसतात, कोण कागद बघून वाचतो ते समजत नाही, आणि हल्ली तर उत्तरे संगणकच लिहून देतो.

माणूस समोर बसला की कळतो, या वाक्यावर मी थोडा थांबणार आहे. कारण त्या टेबलाच्या दोन्ही बाजूंना मी बसलेलो आहे.

१९८१ साली मी एका महाविद्यालयात अधिव्याख्यात्याच्या जागेसाठी मुलाखतीला गेलो. रात्रभर एस. टी. ने प्रवास करून सकाळी स्टँडवरच्या नळावर तोंड धुतले आणि दहाला हजर झालो. साडेतीनला आत बोलावले. चार जण होते. पहिल्याने विचारले, गाव कोणते? दुसऱ्याने विचारले, गावातल्या अमुक पाटलांचे तुम्ही कोण? तिसरा चहा पीत होता. चौथ्याने हृदयाच्या झडपांविषयी एक प्रश्न विचारला आणि उत्तर पूर्ण व्हायच्या आत घड्याळाकडे बघितले. सहा मिनिटांत मी बाहेर. त्या चौघांना मी कळलो असेन, असे मला तेव्हाही वाटले नाही.

ही झाली तक्रार. दुसरी गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. १९९४ च्या जुलैत निवडसमितीवर मीच होतो. बाहेर धो धो पाऊस. एक मुलगा पोटरीपर्यंत चिखल उडालेला, शर्ट अंगाला चिकटलेला, असा आत आला. त्याच्या हातातल्या फाईलमधले कागद ओले झाले होते आणि तो बोलण्यापेक्षा ते कागद वेगळे करण्यात गुंतला होता. आवाज कापत होता, थंडीने की भीतीने कोण जाणे. माझ्या कागदावर मी लिहिले, आत्मविश्वास कमी. शेरा मला अगदी नि:पक्षपाती वाटला. त्यानंतर आलेला मुलगा शहरातलाच, छत्री घेऊन रिक्षातून आलेला. तो छान बोलला. त्याला आम्ही घेतले. पावसाला आपण गुण देतो आहोत हे आम्हा तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आले नाही.

पुढे बऱ्याच वर्षांनी, कॅनडाच्या वैद्यकीय नियतकालिकात २००९ साली आलेला एक छोटासा निबंध वाचनात आला. टोरांटोच्या वैद्यकीय प्रवेशाच्या मुलाखती तपासल्या तर पावसाळी दिवशी मुलाखत झालेल्या उमेदवारांना थोडे कमी गुण पडलेले दिसले. एका निबंधावरून सगळ्या जगाचा न्याय करू नये. पण तो वाचून मी पुस्तक मिटवले आणि बराच वेळ त्या ओल्या फाईलचा विचार करत बसलो.

याहून मोठा दाखला टेक्सासचा आहे. १९७९ साली ह्यूस्टनच्या वैद्यकीय महाविद्यालयाने नेहमीप्रमाणे ८०० जणांच्या मुलाखती घेऊन क्रमवारी लावली आणि वरच्यांमधून १५० घेतले. नंतर राज्याच्या विधिमंडळाने हुकूम काढला की आणखी ५० विद्यार्थी घ्या. तोवर वरच्या क्रमांकांचे सगळे इतरत्र गेलेले. उरले ते यादीच्या तळाचे, आधी नाकारलेले. त्यातून ५० घेतले. वर्गात कोण कुठल्या यादीतला हे शिक्षकांना ठाऊक नव्हते. पुढे हिशेब केला तेव्हा परीक्षेत, वॉर्डातल्या कामात, कुठेच दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक सापडला नाही, आणि हा हिशेब १९८७ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापून आला. विशेष म्हणजे मुळात त्या ५० जणांचा क्रमांक खाली गेला होता तो प्रामुख्याने मुलाखतीमुळे. आणि त्या मुलाखती समक्षच झालेल्या होत्या, टेबलाच्या पलीकडे बसून, हात मिळवून.

आपल्याकडे पदव्युत्तर प्रवेशाला मुलाखतच ठेवलेली नाही. नीटचा क्रमांक आणि जागा, एवढाच व्यवहार. नव्या पिढीला तो कोरडा वाटतो. जुन्यांना ठाऊक आहे की मुलाखतीच्या खोलीत गावचे पाटील कसे येऊन बसतात.

तेव्हा निवडणाऱ्याला माणूस कळतो म्हणून समक्ष बोलवा, हा युक्तिवाद मला पटत नाही. माझ्या अनुभवात समक्ष भेटीत निवडणाऱ्याला कळतात ते बूट, उच्चार आणि त्या दिवसाचे हवामान. पडद्यावरही हे सगळे थोडे येतेच. ज्याच्या घरी वेगळी खोली आहे त्याची पाठीमागची भिंत कोरी दिसते, ज्याच्याकडे नाही त्याचा आवाज वरातीत बुडतो. शिवाय पडद्याचेही बरेवाईट प्रकार आहेत. २०१७ पासून अमेरिकेत तातडीच्या वैद्यकसेवेच्या शाखेत एक प्रयोग केला गेला. समोर माणूसच नाही, सहा प्रश्न पडद्यावर उमटणार, वाचायला अर्धा मिनिट आणि प्रत्येकाला तीन मिनिटांपर्यंत उत्तर, ते ध्वनिचित्रमुद्रित होऊन रुग्णालयांना जाणार. तो प्रयोग पुढे गुंडाळला गेला. बरे झाले. भिंतीशी बोलणाऱ्याला डॉक्टर म्हणून निवडू नये, इतपत तरी आपले एकमत असावे.

मग समक्ष भेटीत खरोखर गमावण्यासारखे काही नव्हतेच का? होते. ते मला त्या डिसेंबरात समजले नाही, पुढच्या जूनमध्ये समजले.

भाचीचे जुळले. शुक्रवार, १७ मार्च २०२३. रात्री घरात आधी रडणे आणि मग शिरा. जूनच्या मध्याला ती गेली आणि आठवड्याने तिचा फोन आला. आवाज ठीक होता, पण ठीक आहे हे दाखवण्यासाठी लावलेला.

‘‘मामा, इथे बस नाहीये.’’

‘‘म्हणजे वेळेवर नाही?’’

‘‘नाहीच. रुग्णालयापासून घर दोन मैल आणि मध्ये पायवाटसुद्धा नाही. गाडीशिवाय भाजीसुद्धा आणता येत नाही. मला कोणी सांगितलंच नाही. आणि मीही विचारलं नाही, मामा. मुलाखतीत बसचं काय विचारायचं?’’

मग हळूहळू एकेक बाहेर आले. मुलाखतीच्या दिवशी दाखवलेल्या चित्रफितीत एक तळे होते आणि तळ्यात बदके. तळे खरेच होते, पण रुग्णालयापासून वीस मैलांवर. पडद्यावर भेटलेले तिघे रेसिडेंट हसरे आणि उत्साही होते. ते तिघेच होते, बाकीचे वीस तिला जुलैत दिसले. त्यातले काही इतके दमलेले, की डबा उघडायच्या आधी खुर्चीतच डोळे मिटत. आठवड्याला सरासरी ऐंशी तासांची मर्यादा तिथे २००३ पासून आहे. पण ऐंशी तास कागदावर कसे दिसतात आणि माणसाच्या चेहऱ्यावर कसे दिसतात, यात फरक असतो आणि तो बघायला तिथे जावे लागते.

पूर्वी जाणाऱ्यांना हे दिसायचे. मुलाखतीच्या आदल्या रात्री तिथले रेसिडेंट उमेदवारांना जेवायला नेत. वरिष्ठ त्या जेवणाला नसत. दोन घास पोटात गेले की लोक खरे बोलत, आणि बोलले नाहीत तरी कोण कोणाशी बोलत नाही ते दिसे. दुसऱ्या दिवशी वॉर्डातून फिरताना परिचारिका डॉक्टरांशी कशा बोलतात ते कानावर पडे. मी ज्या विद्यार्थ्याविषयी वर लिहिले, जमीन गहाण टाकून गेलेला, त्याने दोन जागांपैकी नामांकित जागा दुसऱ्या क्रमांकावर टाकली होती. कारण विचारले तर म्हणाला, ‘‘सर, तिथे जिन्यात एक पोरगी रडत होती आणि तिच्या शेजारून चार जण थांबल्याशिवाय गेले.’’ असली माहिती कुठल्या चित्रफितीत मिळणार?

मुलगी देताना घर बघावे, असे आपल्याकडे जुनी माणसे म्हणत. कांदेपोह्यांचा कार्यक्रम मुलीला बघण्याचा, पण शहाणा बाप त्याआधी काही निमित्त काढून मुलाच्या गावी जाऊन यायचा. विहिरीला पाणी आहे का, सासू सुनांशी कशी बोलते, गोठ्यातली गुरे कशी आहेत, हे बघून यायचा. पडद्याने मुलीला दाखवण्याचा खर्च वाचवला, त्याबरोबर घर बघण्याची संधीही गेली. आणि ती सगळ्यांची सारखी गेली नाही. बोस्टनच्या मुलाला बोस्टनची रुग्णालये माहीत असतात. तिथे त्याचे मित्र असतात, वर्गातली पुढची मुले असतात. सोलापूरच्या मुलीला चित्रफितीतली बदके.

आणखी एक गुंता पडद्याने केला. प्रवास नाही, खर्च नाही, तर उत्तम गुणांचे उमेदवार येईल ते प्रत्येक बोलावणे घेतात आणि मधल्या फळीतल्यांना वेळच शिल्लक राहत नाही. आपल्याकडे चांगल्या स्थळाला पंधरा मुली सांगून येत आणि ते सगळीकडे पोहे खाऊन येत, तसे. त्यावर उपाय म्हणून उमेदवाराने काही मोजक्या रुग्णालयांना ‘तुम्ही मला खरेच हवे आहात’ असा संकेत पाठवायची सोय काढली. कान-नाक-घशाच्या शाखेने २०२०-२१ च्या हंगामात ती सुरू केली, नंतर इतरांनी. अस्थिशल्य शाखेने २०२२-२३ मध्ये प्रत्येकाला तीस संकेत दिले. तीस ठिकाणी ‘तूच माझी’ म्हणायचे, हे ऐकून बहीण म्हणाली, की यापेक्षा आमचे पोहे बरे.

आता सध्या जी तडजोड सुचवली जाते ती मला सगळ्यांत धोक्याची वाटते. ती अशी, की मुलाखत ऐच्छिक ठेवा. ज्याला यायचे त्याने यावे, ज्याला नाही त्याने पडद्यावर द्यावी, दोघांना सारखेच मानू. ऐकायला उदार आहे. पण समितीत बसलेल्या माणसाच्या मनाचे काय? एकजण दोन हजार मैलांवरून आला, त्याने हात मिळवला, आपला चहा घेतला. दुसरीचे चित्र मध्येच गोठले. सारखे मानू म्हणणारे सारखे मानू शकत नाहीत, हे मी १९९४ च्या जुलैत शिकलो आहे. ऐच्छिक म्हणजे ज्याच्याकडे पैसा आणि व्हिसा आहे त्याची इच्छा.

माझे मत असे, की निवड सगळ्यांची पडद्यावर व्हावी, एकूण एक. नेमून दिलेले प्रश्न, सगळ्यांना तेच, आणि गुण देणाऱ्याने गुण का दिले ते लिहावे. मग रुग्णालयाने आपली पसंतीची यादी बंद करून कुलूप लावावे. आणि त्यानंतर, उमेदवाराने आपली यादी देण्याच्या आधी, ज्याला शक्य आहे त्याने जाऊन घर बघून यावे. काही रुग्णालये असे करू लागली आहेत, आधी यादी बंद करतात आणि मग या म्हणतात. त्या भेटीत कोणाला गुण मिळत नाहीत म्हणून कोणाचे नुकसान होत नाही. सोलापूरहून तरीही जाता येणार नाही, हे मला कळते. पण तिच्यासाठी निदान एवढे करता येईल, की वरिष्ठ नसलेल्या तासाभराच्या गप्पा, निवडलेल्या तिघांशी नव्हे तर ज्या कोणाची त्या दिवशी सुट्टी असेल त्यांच्याशी, ठेवाव्यात आणि बसचे विचारायला संकोच वाटू नये असे वातावरण असावे.

भाची रुळली. पहिल्या हिवाळ्यात एका गुजराती सहकाऱ्याच्या गाडीतून येत-जात होती, मग जुनी गाडी घेतली. काम आवडते म्हणते. पण ते रुग्णालय तिने पाहिले असते तर यादीत कितवे टाकले असते, हे मी एकदा विचारले आणि ती जरा थांबून म्हणाली, ‘‘चौथं.’’ तिने ते पहिले टाकले होते.

दुसऱ्या वर्षी उमेदवारांशी पडद्यावर बोलायला जे तिघे रेसिडेंट बसवतात त्यात तिची पाळी आली. त्या संध्याकाळी नांदेडकडची एक मुलगी होती. मागे कोरी भिंत, वर गडद कोट. तिने संशोधनाच्या संधींविषयी विचारले, सुट्ट्यांविषयी विचारले, आणि मग काही नाही म्हणाली. भाचीने लॅपटॉप उचलला आणि खिडकीकडे वळवला. बाहेर गाड्या उभ्या करायचे आवार होते आणि गुडघाभर बर्फ. ‘‘इथे बस नाही,’’ तिने सांगितले, ‘‘किराणा तीन मैलांवर आहे. अजून काय काय विचारायचं आहे, बोल.’’